प्रिंटरमधला कागद संपू देऊ नये

पाणीपुरवठा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर सोमवारी सकाळी कागद संपल्यामुळे थांबला. ही घटना गंभीर नव्हती. त्या प्रिंटरमधला कागद संपलेलाच असायचा. चुकून भरलेला दिसला की लोक गोंधळून जायचे. गंभीर बाब ही होती की प्रिंटर थांबल्यावर बिलिंगवाल्या वहिनींनी आदळआपट केली नाही. शिपायाला हाक मारली नाही, सरकारला नावं ठेवली नाहीत. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसल्या.

हे हसणं सिस्टीमताईने पाहिलं आणि ती हळूच वहिनींच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

सिस्टीमताई म्हणजे त्या कार्यालयातले झाडून सगळे संगणक सांभाळणारी एकटी बाई. तिच्या पदाचं खरं नाव एवढं लांब होतं की ते तिच्या ओळखपत्रावर अर्धंच छापलं होतं. सिस्टीम चालू असली की तिला कोणी ओळखायचं नाही. बंद पडली की सगळ्या मजल्यांवरून एकदम ‘ताई’ सुरू व्हायचं. म्हणून सिस्टीमताई.

आणि सिस्टीम होती मोठी नामी. पूर्वी गावातले पाण्याचे व्हॉल्व्ह एक माणूस खांद्यावर लोखंडी किल्ली टाकून, सायकलवरून फिरून उघडायचा. त्याला चहा पाजला की तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह जरा सैल बसायचा. हा भ्रष्टाचार बंद करण्यासाठी संगणक आणला. आता कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी, हे वेळापत्रक संगणकात, आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडणार, मिटणार. वेळापत्रक बघायचा अधिकार सगळ्यांना. बदलायचा फक्त दोघांना. एक मोठे साहेब, दुसरी सिस्टीमताई. संगणक चहा पीत नाही, असं उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले होते आणि टाळ्या पडल्या होत्या.

पण प्रिंटर निघाला मानी. कारकुनाने सांगितलेलं तो छापेना. तेव्हा सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीच्या पोरांनी, जेवायला उशीर होत होता म्हणून, एक सोपी युक्ती केली. छपाईचा जो छोटासा प्रोग्राम होता, तो कोणीही चालवला तरी साहेबांच्याच अधिकारात चालेल, असं करून ठेवलं. प्रिंटर लगेच वठणीवर आला. पोरं जेवायला गेली.

आता गंमत अशी होती. छापता छापता कागद संपला की हा छोटा प्रोग्राम अडकून पडायचा आणि एक चौकोन पुढे यायचा. त्यात एक बटण होतं, ‘मदत’. ते दाबलं की मदतीची खिडकी उघडायची, आणि तीही साहेबांच्याच अधिकारात. तिच्यातून ‘दुसरी फाइल उघडा’ म्हटलं की अख्खी सिस्टीम समोर पसरलेली. म्हणजे साहेबांनी आपल्या किल्ल्यांचा जुडगा देऊन शिपायाला कपाटातून कागद आणायला पाठवावं, शिपायाने वाटेत गप्पा मारत थांबावं, आणि जुडगा समोरच्या टेबलावर ठेवून द्यावा, त्यातला प्रकार.

इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण इतकी वर्षं ‘मदत’ हे बटण कोणी दाबलंच नव्हतं. मदत मागितली की मिळते, असा त्या कार्यालयात कोणाचाच अनुभव नव्हता. वहिनी दुसऱ्या खात्यातून बदलून आलेल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी भाबडेपणाने बटण दाबलं आणि त्यांना खरोखर मदत झाली.

ताईने आपल्या टेबलावर येऊन गावाचा नकाशा उघडला. पाणी चालू असलेल्या गल्ल्या त्यात निळ्या दिसायच्या. वहिनींची गल्ली निळी होती. दुपारीही निळी, संध्याकाळीही निळी. वहिनींचे यजमान दिवसातून दोनदा स्कूटर धुतात, ही बातमी तिच्या कानावर आली होती. पण माणूस हौशी असेल, असं तिला वाटलं होतं.

यात ताईला एवढं लागण्यासारखं काय होतं, तर तिची आई. वहिनींच्या गल्लीला पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपाच्या शेवटच्या टोकाला, वरच्या मजल्यावर ताईची आई एकटी राहायची. आधीच्या गल्ल्यांनी जास्त ओढलं की आईच्या नळातून नुसतं फुस्स यायचं. मग आई दुखरे गुडघे घेऊन खालच्या हौदावरून बादली वर आणायची, प्रत्येक वळणावर टेकवत, आणि लेकीला फोन करून सांगायची की काही काळजी करू नकोस, व्यायाम होतो. त्या व्यायामाचं कारण गेले कित्येक दिवस ताईला सापडत नव्हतं. आता ते समोर बसून हसत होतं.

ताई वहिनींशी भांडली नाही. तिने शिकलेल्या माणसासारखं केलं. अहवाल लिहिला. आधी हे दाबलं की असं होतं, मग ते निवडलं की तसं होतं, शेवटी जतन करायला विसरलं तर बदल टिकत नाही, सगळं चित्रांसकट. नकाशातली वहिनींची गल्लीही पुराव्यासाठी जोडली. आणि तो घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि चेहरा गंभीर केला. “म्हणजे बाहेरून कोणी आपल्यात शिरू शकतं?”

“नाही साहेब. बाहेरच्याला नाही जमत. आत बसलेल्यालाच जमतं.”

“आत म्हणजे?”

“आपलीच माणसं.”

साहेबांचा चेहरा खुलला. खुर्चीत मागे रेलले. “मग घाबरवता कशाला हो? मला वाटलं काहीतरी धोका आहे.”

ताईने समजावलं की धोका हाच आहे. ज्याला जेवढा अधिकार दिलाय त्याच्यापेक्षा मोठा अधिकार तो स्वतःच घेऊन बसतोय. साहेब म्हणाले, त्याला आपल्याकडे पुढाकार म्हणतात. वहिनींच्या गल्लीच्या चित्रावर ते जरा थांबले. पण नवीन आलेल्या माणसाला इतक्यात दुखवणं बरं नव्हे, आणि कारवाई करायची तर ती कोणत्या नियमाखाली, तो नियमही अजून नव्हता. ताई म्हणाली, कंपनीला कळवलंय, त्यांची दुरुस्ती येईपर्यंत छपाईचा तो प्रोग्राम बंद ठेवू, म्हणजे विषयच मिटेल. यावर मात्र साहेब सरळ बसले. साहेब प्रत्येक ईमेल छापून वाचत. छापून सही करत, आणि सही केलेला कागद स्कॅन करून परत ईमेलने पाठवत. छपाई बंद म्हणजे कामकाज बंद. तेव्हा छपाई चालू ठेवून तात्पुरती उपाययोजना करावी, असं ठरलं आणि ती परिपत्रक काकांकडे सोपवली गेली.

परिपत्रक काका आस्थापना विभागात होते. कोणी शिंकलं तरी ते शिंकण्याबाबतच्या सूचना काढत. त्यांनी ताईचा अहवाल मन लावून वाचला, इतकं स्वच्छ मराठी हल्ली कोणी लिहीत नाही म्हणून तिचं कौतुक केलं, चित्रांना हात लावला नाही, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नये’ जोडलं. दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर, सगळ्यांना लांबूनही दिसेल अशा अक्षरात, फलक लागला.

‘प्रिंटरमधला कागद संपू देऊ नये. संपल्यास कर्मचाऱ्यांनी ‘मदत’ हे बटण दाबू नये. त्यानंतर ‘दुसरी फाइल उघडा’ हा पर्याय निवडू नये. नकाशा आल्यावर त्यात आपल्या गल्लीवर टिचकी मारू नये. पाण्याची वेळ आपल्या मनाप्रमाणे वाढवू नये. शेवटी जतन करायला विसरू नये.’

ताई तो वाचून धावतच काकांकडे गेली. काका, अहो, हे तुम्ही सगळ्यांना शिकवताय. काकांना वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “ताई, काय करायचं नाही हे माणसाला नीट कळल्याशिवाय तो ते न करणार कसं? सांग बरं.”

साहेबांना तर काकांचं म्हणणं इतकं पटलं की त्यांनी सभागृहात एक प्रशिक्षणही लावलं. प्रत्यक्ष अनुभव असलेल्या एकमेव व्यक्ती म्हणून मार्गदर्शनाला वहिनींना बोलावलं. वहिनींनी काय करू नये ते पडद्यावर तीनतीनदा करून दाखवलं. मागच्या रांगेला दिसलं नाही म्हणून आणखी एकदा. मग परीक्षा झाली. ज्या लेखापालांनी निवृत्तीला आलो तरी माऊसला हात लावणार नाही असा पण केला होता, ते पहिल्याच प्रयत्नात पास झाले.

त्या आठवड्यापासून कार्यालयात कागदाची टंचाई सुरू झाली.

कोणी बेशिस्तपणा केला म्हणाल तर अजिबात नाही. सकाळी पहिला येणारा माणूस प्रिंटरमधला कागद काढून आपल्या ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवायचा. मग प्रिंटरपुढे रांग लागायची. कोणी पुढे घुसत नव्हतं. वयस्करांसाठी शेजारी स्टूल ठेवलं होतं. तुमचं झालं का, असं विचारलं की उठणारा अदबीने म्हणायचा, हो हो, बसा, मदत उघडीच ठेवलीय. उशिरा येण्याबद्दल ज्यांना साहेब अनेकदा झापून थकले होते, ते वेळेच्या आधी हजर राहू लागले, आणि साहेबांनी वरच्या कार्यालयाला कळवलं की सुरक्षाविषयक जागृतीमुळे उपस्थिती सुधारली आहे.

आधी सगळ्यांनी फक्त आपापली गल्ली निळी केली. मग सासुरवाडी आठवली. मग साडू, मग व्याही. लेखापालांच्या मेहुण्याने आंघोळीसाठी नवा टब घेतला. ज्यांना एकही नातेवाईक विचारत नव्हता त्यांना चुलत नातवंडांचेसुद्धा फोन येऊ लागले. परिपत्रक काकांनी सूचनेचं पालन होतंय की नाही हे तपासायला स्वतः एकदा सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या. तपासणी चोख व्हावी म्हणून ‘जतन करा’सुद्धा दाबलं. आणि साहेब? साहेबांना तर मुळातच अधिकार होते. पण आपला पासवर्ड ते केव्हाच विसरले होते आणि ताईला विचारायचा संकोच वाटत होता. एके दिवशी तेही येऊन रांगेत उभे राहिले. सगळे बाजूला झाले. साहेब म्हणाले, नाही नाही, सगळ्यांना सारखाच नियम.

ताई नकाशा बघत बसायची. संध्याकाळी ती एखादी गल्ली जुन्या वेळेवर आणायची, सकाळची रांग ती परत निळी करायची; रोज थोडं निळं वाढायचं. शेवटी एक दिवस सगळं गाव निळंशार झालं. एकही गल्ली सुटली नाही. आणि त्याच दिवशी कोणाच्याच नळाला पाणी आलं नाही, कारण सगळे व्हॉल्व्ह सताड उघडे असले की पाइपात जोर राहत नाही, आणि हे सांगायला कोणी उभं राहावं अशी स्थिती कार्यालयात राहिली नव्हती. वहिनींची स्कूटर धुळीने माखली. लेखापालांच्या मेहुण्याने टबात वर्तमानपत्रं ठेवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाजात धाप होती. खालचा हौदही आटलाय, म्हणाली. पलीकडच्या इमारतीतून आणते आता. लांब नाही गं, मधे बसायला कट्टा आहे.

ताईने फोन ठेवला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तातडीची बैठक झाली. साहेब पाण्याचा रिकामा पेला हातात फिरवत होते. सगळ्यांचं एकमत झालं की अधिकारांचा गैरवापर होतोय आणि तो थांबला पाहिजे. परिपत्रक काकांनी तोडगाही आणला होता. गैरवापर अधिकारांचाच होतो ना? मग ज्यांच्याकडे जादा अधिकार आहेत त्यांचे काढून घेऊ.

“अहो पण जे करतायत त्यांच्याकडे अधिकार नाहीतच,” ताई म्हणाली.

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले. “नाहीत, तर काढणार कुठून?”

तपासलं तेव्हा जादा अधिकार असलेल्या दोनच व्यक्ती निघाल्या. त्यातली एक बैठकीच्या अध्यक्षस्थानी असल्यामुळे तिचा विचार पुढे ढकलला. उरली ताई. गंमत म्हणजे, अधिकार काढायचे कसे हे ताईलाच येत होतं, म्हणून तिने स्वतःच बसून स्वतःचे अधिकार काढले. सगळ्यांनी तिचे आभार मानले. उपाययोजना पूर्ण झाल्याचं वरच्या कार्यालयाला कळवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून दुरुस्ती आली.

चांगली होती. छोटी होती. छपाईच्या प्रोग्रामकडून साहेबांचे अधिकार काढून घ्यायचे, मदतीची खिडकी साध्या माणसाच्याच अधिकारात उघडायची, बस. बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागणार नव्हता. फक्त ती बसवायला जादा अधिकार लागत होते. ताईकडे ते कालपर्यंत होते. तिने साहेबांना पासवर्ड मागितला. साहेबांनी तो आठवून पाहिला. धाकट्या लेकीचं लाडाचं नाव आणि काहीतरी, म्हणाले. नवा करून घ्यायचा तर तो करून देण्याचे अधिकार फक्त ताईकडे होते. कालपर्यंत.

ताईने दुरुस्ती पेनड्राइव्हवर घेतली. मग उठली, आणि जाऊन प्रिंटरपुढच्या रांगेत उभी राहिली.

पाणी येत नसलं तरी रांग चालूच होती. आपण गल्ली बंद केली आणि दुसऱ्याने नाही केली तर, ही भीती प्रत्येकाला होती. वहिनींनी तिला बघितलं आणि मायेने हसल्या. “ये ये. आम्हाला वाटलंच होतं. किती दिवस तू तरी अशी राहणार?”

ताईचा नंबर आला. तिने प्रिंटरला छापायला सांगितलं. कागद नव्हताच. चौकोन आला. भिंतीवरच्या फलकावर जे जे करू नये म्हटलं होतं, ते ते तिने त्याच क्रमाने केलं; फलक समोर असल्याने चुकायचा प्रश्नच नव्हता. आत शिरल्यावर दुरुस्ती बसवली. मग सगळ्या गल्ल्या एकेक करून जुन्या वेळापत्रकावर आणल्या. शेवटी आईची गल्ली आली. जुन्या वेळापत्रकात तिला दुपारी एक तास होता. बोट जरा पुढे सरकवलं असतं तर दोन झाले असते. तीनही. आईचे गुडघे, तो कट्टा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

तिने तासच ठेवला. याला प्रामाणिकपणा म्हणायची घाई नको. दुरुस्ती बसल्या बसल्या एक नवं काम करू लागली होती: मोठ्या अधिकारात कोण बसलंय याची नोंद. आणि त्या वेळी तिथे ताई बसलेली होती. आपल्या नावापुढे आपल्याच आईची गल्ली उमटावी, एवढं धाडस तिच्यात नव्हतं. तिने जतन केलं, विसरली नाही, आणि उठली.

तिच्यामागच्याने बसून बटण दाबलं. मदतीची खिडकी उघडली. तिच्यात कागद कसा भरावा, हे लिहिलेलं होतं. त्याने खालीवर करून पाहिलं. रांगेत कुजबुज झाली. वहिनी पुढे आल्या, त्यांनीही पाहिलं.

“मदत मागतोय आपण,” वहिनी म्हणाल्या, “आणि हे मेलं कागद भरायला सांगतंय.”

चौकशी लगेच लागली. नोंद स्पष्ट होती. सिस्टीमच्या आजवरच्या इतिहासात अधिकार नसताना मोठ्या अधिकारात शिरलेली एकच व्यक्ती सापडली होती. समितीवर साहेब, काका आणि प्रशिक्षक म्हणून वहिनी.

“एवढं एकच सांगा,” साहेब अगदी घरच्यासारखं म्हणाले, “कोणत्या गल्लीसाठी केलंत?”

“कोणत्याच नाही. सगळं वेळापत्रकाप्रमाणे केलं.”

“आईची गल्ली?”

“तासच आहे. होता तोच.”

काकांनी चष्मा काढला. वहिनींना भरून आलं. हातात सगळं गाव होतं आणि या बाईने सख्ख्या आईला अर्धा तास वाढवून दिला नाही. उद्या आपल्यापैकी कोणी अडचणीत आलं तर ही काय करील? समितीने खेदाने लिहिलं की अशा व्यक्तीच्या हाती अधिकार सोपवणं कार्यालयाच्या हिताचं नाही. तिला नवं काम दिलं: प्रिंटरमध्ये कागद भरणे.

त्या दिवशी ताई लवकर निघून आईकडे गेली. जिन्यात ओल होती. आई खुर्चीवर बसून नळाकडे कौतुकाने बघत होती. सगळी भांडी, पातेली, फुलदाणीसुद्धा भरलेली. “तासभर आलं बघ,” आई म्हणाली, “धो धो.” ताई तिच्याजवळ जमिनीवर बसली. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “अगं, तुझ्याच हातात आहे ना हे सगळं? मग अर्धा तास वाढवून टाक की. कुणाला कळतंय.”

इकडे कार्यालयात दुरुस्तीविरुद्ध तक्रारींचा ढीग लागला आहे. पूर्वी ज्या सुविधा होत्या त्या अचानक काढून घेतल्या, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. दुरुस्ती काढून टाकायला कंपनी तयार आहे. फक्त नागरिकांची संमती हवी, म्हणाली. म्हणून परिपत्रक काकांनी मतं मागवली आहेत: दुरुस्ती ठेवावी की काढावी. आतापर्यंत आलेल्या सगळ्या पत्रांत एकच सूर आहे. दुरुस्ती ठेवलीच पाहिजे, असा प्रकार समाजाला लांच्छन आहे, असं प्रत्येकाने ठणकावून लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात आपल्या गल्लीचं नाव कळवलंय.

तुमचं मत अजून आलेलं नाही. घाई नाही, सवडीने पाठवा. मात्र कार्यालयात आपल्या ओळखीचं कोण आहे, ते लिहायला विसरू नये.